कागद मागण्याचा हक्क

स्वीडनमधल्या सरकारी कचेरीत एखादा कागद मागायला गेलात, तर तुम्ही कोण आणि कागद कशाला हवा, असं तिथला अधिकारी सहसा विचारू शकत नाही. या हक्काचं मूळ १७६६ सालच्या वृत्तपत्र स्वातंत्र्य कायद्यात आहे. आंदेर्श शिडेनियस या धर्मोपदेशकाने त्यासाठी संसदेत झुंज दिली होती. आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. सरकारी नोकराने पत्रकाराला माहिती पुरवली, तर ती कोणी पुरवली याचा छडा लावायलाच सरकारी यंत्रणेला बंदी आहे. अपवाद अगदी मोजके.

माध्यमं सरकारच्या मुठीत जाऊ नयेत म्हणून जर्मनीने वेगळी काळजी घेतली. नाझींनी रेडिओ मुठीत ठेवला होता, म्हणून युद्धानंतर पश्चिम जर्मनीत प्रसारण घटक राज्यांकडे गेलं. चॅन्सेलर आडेनाउअर यांनी केंद्राच्या दूरचित्रवाणीचा घाट घातला, तो १९६१ साली घटनात्मक न्यायालयाने मोडून काढला. जर्मनीत आजही सार्वजनिक प्रसारणासाठी घरटी वर्गणी घेतात. फ्रान्सने मात्र २०२२ साली दूरचित्रवाणीचं शुल्क रद्द केलं. पैसा आता करांतून येतो, म्हणजे दोरी अंदाजपत्रक मांडणाऱ्यांच्या हाती. ही वाट मला धोक्याची वाटते. युरोपीय संघाचा नवा माध्यम स्वातंत्र्य कायदा सार्वजनिक प्रसारकांना पुरेसा, खात्रीचा निधी द्या असं सांगतो. ऑगस्ट २०२५ पासून त्याचा बहुतेक भाग लागू झाला आहे.