पायाखालची वाकळ

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पाच मित्रमैत्रिणी आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला गेलो होतो. घोडेगाव, डिंभे आणि पुढे धरणाच्या कडेकडेनं जाणारा रस्ता तुमच्यातल्या पुष्कळांना पाठ आहे. तिथल्या कोकणकड्याबद्दलही नवं काय सांगू? मला बोलायचंय ते पाचोळ्याबद्दल.

आहुपे भीमाशंकर अभयारण्यात येतं. हे अभयारण्य १९८५ साली झालं, ते मुख्यतः शेकरू या मोठ्या खारीसाठी. शेकरू राहतं शेंड्यावर, एकेकाची घरटीही अनेक. त्यामुळे सगळे माना वर करून चालतात. झुपकेदार शेपटी दिसली की आपण तिच्या मागं निघतो आणि पायवाट कधी सुटली हे कळत नाही. आमचंही तेच झालं. मागं वळून पाहिलं, तर आम्ही गेलो तिथला पाचोळा उलथलेला, खालची ओली काळी माती उघडी, उतारावर बुटांच्या टाचांचे ओरखडे. फार वाईट वाटलं.

दुपारी गावात एका आजींच्या ओसरीवर टेकलो. त्या वाकळ शिवत होत्या. वरून धडकं लुगडं, आत विरलेल्या कपड्यांचे थर. जंगलाची भुई अगदी अशीच असते. वर यंदाची पानं, खाली गेल्या सालची कुजलेली, त्याखाली पानपण हरवलेली माती. आणि पाचोळा उचलला की दिसणारे बुरशीचे पांढरे तंतू? ते टाके! वाकळीच्या खाली लगेच कातळ. इथं चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. पाचोळ्यावर पडलेला थेंब मुरतो. उघड्या मातीवर पडलेला माती घेऊन निघतो, ओढ्यातून घोड नदीत आणि तिथून डिंभ्याच्या धरणात. एक टाका उसवला की पावसाळ्यात तिथंच घळ पडते, आणि पुढच्या रविवारी येणारी मंडळी तिलाच वाट समजतात. उसवण वाढतच जाते.

म्हणून सांगतो, पायवाट सोडू नका. शेकरू दिसलं तर आहात तिथंच थांबा. मंडळी, दहा पावलं जवळ जाऊन काय मिळतं?

इथल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागलं नाही. देवराईतली, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातली, वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, ही त्यांची रीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या रीतीनं काय काय राखलंय ते शहराला कळलं.

जुन्नरकरांनो, दुर्गवाडीला, आंबे-हातवीजला जाल तिथंही ही वाकळ आहेच. पायवाटेवरूनच चाला. आणि रानात चूल पेटवू नका, चहा गावात मिळतो.