यकृताचें औषध आणि पिल्लांची साक्ष

यकृताच्या विकारावर गुणकारी म्हणून जीं औषधें पुढें येतात, त्यांची पारख बहुधा प्रथम मुक्या जनावरांवर होते. उंदरांच्या एका गटास नुसतें विष, दुसऱ्यास विष आणि औषध, तिसऱ्यास कांहींच नाहीं. मग रक्त तपासावयाचें व यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा. रीत सोपी दिसते. पण पिल्लांच्या बाबतींत ती फार चकवते.

या कामीं नेहमीं वापरलें जाणारें विष म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. १९२१ सालीं अमेरिकेंतील मॉरिस हॉल यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून तें अंकुशकृमींवरील उपाय म्हणून पुढें आणलें. नंतर माणसांनाही तें पाजण्यांत आलें, आणि कित्येकांचीं यकृतें त्यापायीं निकामी झालीं. नवल असें कीं, हें द्रव्य मूळ रूपांत यकृताला तितकेंसें घातक नसतें. यकृतांतीलच एक एन्झाइम त्याची फोड करतें, आणि त्यांतून निघालेले उग्र अणुसमूह पेशींचीं आवरणें नासवीत सुटतात. पहारेकऱ्यानेंच चोराला दार उघडून द्यावें, तसा हा प्रकार!

नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांत हें एन्झाइम फारच थोडें असतें. म्हणून वजनाच्या मानानें आईइतकीच मात्रा दिली, तरी पिल्लू ती पुष्कळ अंशीं सोसतें. दिवस जातात तसें एन्झाइम वाढतें आणि ही ढाल गळून पडते. दोन गटांतील पिल्लांच्या वयांत चार दिवसांचें अंतर राहिलें, कीं वयाचें श्रेय औषधाच्या पदरांत पडलेंच म्हणून समजावें.

दुसरा चकवा वेळेचा. अनेक प्रयोगांत कुटकीसारख्या वनस्पतीचा अर्क विषाच्या आधीं कांहीं दिवस पाजला जातो. असें औषध कदाचित् एन्झाइमलाच अडवीत असेल; झालेली जखम भरून काढण्याशीं त्याचा संबंध असेलच असें नाहीं. आणि बाप लेकराला दवाखान्यांत आणतो तो विष पोटांत गेल्यावर, आधीं नव्हे.

पॅरासिटामॉलच्या विषबाधेंत ही गांठ सुटली. १९७३ सालीं मिचेल व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांत दाखविलें कीं, यकृतांतील ग्लुटाथायोनचा सांठा संपत आला म्हणजेच पेशी मरूं लागतात. तो सांठा पुन्हां भरणारें ॲसिटिलसिस्टिन पहिल्या आठ तासांत दिलें, तर यकृत जवळजवळ नेहमींच वांचतें. त्यानंतर मात्र प्रत्येक तासागणिक त्याचा गुण उतरत जातो.