प्रकाशाने उतरलेली वही

कावेरीकाठचे कुंभकोणम् हे देवळांचे गाव. तेथील सारंगपाणी मंदिराजवळच्या एका लहानशा घरात गणिती श्रीनिवास रामानुजन् वाढले. कागद महाग; म्हणून गणित पाटीवर करावयाचे, कोपराने पुसावयाचे आणि हाती आलेले उत्तर तेवढे वहीत टिपावयाचे, असा त्यांचा क्रम असे. १९२० साली ते निवर्तले, तेव्हा मागे राहिलेल्या वह्यांत सूत्रे होती. सिद्धता जवळजवळ नव्हत्याच.

या वह्या छापाव्यात कशा? खिळे जुळविणाऱ्याच्या हातून एखादे चिन्ह निसटले, तर सूत्रच खोटे पडावयाचे. सिद्धता जवळ नसता ती चूक रामानुजन् यांची की जुळाऱ्याची, हे ठरवावे कोणी? हाताने नक्कल करणाऱ्याविषयीही हीच शंका. अखेर १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मूळ पानांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून दोन खंड प्रसिद्ध केले. अक्षर रामानुजन् यांचे, खाडाखोडही त्यांचीच.

छायाचित्रातील अक्षर छपाईच्या पत्र्यावर येते कसे? याची एक जुनी रीत अशी. अंड्यातील पांढऱ्या बलकात बायक्रोमेट नावाचा क्षार मिसळून जस्ताच्या पत्र्यावर त्याचा पातळ थर देतात. तो वाळला की वर निगेटिव्ह ठेवून प्रखर उजेड दाखवितात. निगेटिव्हमध्ये शाईची रेघ पारदर्शक असते. तिच्यातून उजेड पोहोचतो तेथेच थर कठीण होतो. बाकीचा पाण्याने धुऊन जातो आणि उरते ती रेघ. तेलकट शाई तिलाच धरते. भोवतालचा ओला पत्रा शाईला थारा देत नाही. फ्रान्समधील प्वातव्हँ यांनी १८५५ साली या तत्त्वाचा छपाईसाठी उपयोग केला. पुढे १९५० नंतर बलकाच्या जागी कृत्रिम बहुवारिके येऊ लागली. उजेड लागताच त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि तो थर विरघळेनासा होतो.

मुंबईच्या त्या दोन खंडांमुळे वह्या दूरदूरच्या ग्रंथालयांत गेल्या. अमेरिकन गणिती ब्रूस बर्न्ट यांनी १९८५ ते १९९८ या काळात पाच ग्रंथांतून त्यांतील सूत्रांचा परामर्श घेतला. कोठे क्वचित चूक आढळली, तर ती मूळ लेखणीचीच, असे त्यांना म्हणता आले. नक्कल करणारा माणूस न कळत दुरुस्ती करू पाहतो. प्रकाशाला गणित येत नाही. म्हणूनच पाटीवरून वहीत आलेले ते अक्षर जसेच्या तसे आपल्यापर्यंत पोहोचले.