क्रायिना : कडेच्या मुलखाचे नाव

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि वीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. तेव्हा आजच्या विषयावर माझा अधिकार काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली. तिकडे डॉक्टरकी शिकायला गेलेली आपल्याकडची मुले शिक्षण अर्धवट टाकून परतली. त्यांपैकी एकाच्या वडिलांचे शैक्षणिक कर्ज आमच्या शाखेत होते. हप्त्यांना मुदत मागण्याचा अर्ज लिहिता लिहिता त्यांनी मला विचारले, "साहेब, हा खरंच वेगळा देश आहे का हो? टीव्हीवर तर सांगतात, त्या नावाचा अर्थच मुळी 'सीमाभाग' असा आहे." अर्ज मी घेतला, पण उत्तर देता आले नाही. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला हे उत्तर येऊ नये, याची लाज वाटली आणि वाचायला लागलो.

स्लाव भाषांत 'क्राय' असा एक जुना शब्द आहे. अर्थ कड, काठ, शेवट. त्यावरून पुढे प्रदेश, मुलूख असाही अर्थ आला. आज पोलिश माणूस 'क्राय' म्हणतो तेव्हा त्याला देश म्हणायचे असते. रशियात क्रास्नोदार क्राय, अल्ताई क्राय असे प्रांत आहेत. 'क्रायिना' म्हणजे स्लोव्हाक भाषेत देश, तर चेक भाषेत निसर्गदृश्य. क्रोएशिया, बोस्निया आणि सर्बियात मात्र 'क्रायिना' म्हणजे सरहद्दीचा मुलूख. 'उक्राइना' हे याच घरातले नाव. गंमत म्हणजे जर्मन लोक सीमेला 'ग्रेंझ' म्हणतात, तो शब्दही त्यांनी स्लाव शेजाऱ्यांच्या 'ग्रानित्सा'वरून उचलला. सीमेपलीकडच्यांकडूनच सीमेचा शब्द घेतला!

आता हा शब्द कागदावर कसा आला ते पाहू. सोळाव्या शतकात तुर्कांचे राज्य हंगेरी-क्रोएशियापर्यंत पोहोचले. त्यांना अडवण्यासाठी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजांनी सरहद्दीवर लष्करी पट्टा उभा केला. १५७९ साली त्यासाठी कार्लोव्हात्स हे किल्ल्याचे शहर वसवले. तुर्की मुलखातून पळून आलेल्या लोकांना, त्यांत बहुतेक ऑर्थोडॉक्स पंथाचे होते, तिथे जमिनी दिल्या. १६३० साली सम्राट दुसरा फर्डिनांड याने यांतल्या एका भागातील वसाहतकऱ्यांना सनदच दिली. व्यवहार साधा होता : जमीन कसा, जमीनदाराची वेठ नको, पण बोलावणे आले की हत्यार घेऊन हजर व्हा. आपल्याकडच्या वतनदारीची आठवण व्हावी असा हा करार. हा पट्टा म्हणजे 'वोय्ना क्रायिना', लष्करी सरहद्द. तुर्कांचे भय ओसरले तरी ती चालूच राहिली आणि १८८१ साली क्रोएशियात विलीन झाली.

लक्षात घ्या, ही कड कोणाची? व्हिएन्नाची. तिथे राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे अंगण हेच जगाचे मधोमध होते. पण नाव ठेवणारा दूर राजधानीत बसला होता.

युक्रेनचेही तेच. कीव्हच्या बखरीत ११८७ सालच्या नोंदीत पेरेयास्लाव्हचा राजपुत्र वारला आणि त्याच्यासाठी 'उक्राइना' शोकात बुडाली, असा उल्लेख येतो. त्यानंतर हे नाव निरनिराळ्या सरहद्दींना लागलेले दिसते. जिथे कड, तिथे उक्राइना. पुढे पोलंडच्या राज्यात नीपर नदीकाठच्या कोसॅकांच्या मुलखाला ते चिकटले. पोलंडच्या नोकरीतला फ्रेंच इंजिनिअर बोप्लां याने सतराव्या शतकात त्या मुलखाचे नकाशे काढले आणि पश्चिम युरोपला हे नाव ठाऊक झाले. काही युक्रेनी अभ्यासक म्हणतात, या शब्दाचा अर्थ कड नव्हे, 'आपला मुलूख' असा आहे. बहुतेक भाषातज्ज्ञ सरहद्द हाच अर्थ धरतात.

समजा, तोच अर्थ खरा. मग काय झाले? १२ जुलै २०२१ रोजी रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी लोकांच्या ऐतिहासिक ऐक्यावर एक लांबलचक लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला : युक्रेन म्हणजे 'ओक्राइना', सरहद्द; आणि युक्रेनी म्हणजे मुळात सरहद्द राखणारे शिपाई. सात महिन्यांनी रणगाडे निघाले. व्याकरणातही हा झगडा आहे. रशियन भाषेत देश असेल तर 'मध्ये' आणि युक्रेनच्या बाबतीत 'वर' असा शब्द रूढ होता. आपण 'कोकणात' म्हणतो पण 'देशावर', 'घाटावर' म्हणतो, तसेच काहीसे. १९९३ साली युक्रेनच्या सरकारने रशियाला सांगितले, आमच्या बाबतीत 'मध्ये' म्हणा, आम्ही देश आहोत. एका शब्दयोगी अव्ययासाठी सरकारने मागणी केली, हे वाचून मला हसू आले नाही. पाट्यांवरच्या अक्षरांसाठी झालेले वाद या सभागृहातल्या सगळ्यांनी पाहिले आहेत.

इथे माझा बँकेचा अनुभव सांगतो. एक गृहस्थ शेतीकर्जासाठी आले. म्हणाले, "त्या शेताला सगळे गाव पाटलाचा माळ म्हणते, आणि आम्ही पाटील." मी म्हटले, "काका, नाव पाटलाचे असेल, पण उताऱ्यावर कोणाचे आहे?" शब्दाची व्युत्पत्ती हा मालकीचा दाखला नव्हे. इंग्लंडात मर्शिया नावाचे राज्य होते, त्याचाही अर्थ सरहद्दीच्या लोकांचे राज्य असाच. म्हणून ते कोणा शेजाऱ्याचे ठरले नाही. देशाचा उतारा म्हणजे तिथल्या लोकांचे मत. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मते स्वतंत्र युक्रेनच्या बाजूने पडली. नाव ठेवले इतरांनी, पण त्याखाली सही केली तिथल्या लोकांनी.

मात्र याच शब्दाची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, आणि ती आपल्याला जास्त बोचणारी आहे. १९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला. क्रोएशियातल्या सर्बांनी जुन्या सरहद्दीचे नाव पुन्हा काढले आणि 'सर्बियन क्रायिना प्रजासत्ताक' जाहीर केले. राजधानी क्निन. त्या सर्बांचे भय अगदीच खोटे नव्हते. दुसऱ्या महायुद्धातल्या कत्तली म्हाताऱ्यांना आठवत होत्या. पण त्यांनी केले काय? त्या पट्ट्यातल्या क्रोएट शेजाऱ्यांना घरांतून हुसकले. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शांतिदल तिथे गेले. त्याचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी, म्हणजे ज्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे तिचे. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या सैन्याने चार दिवसांत तो प्रदेश घेतला आणि दीड ते दोन लाख सर्ब ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत संसार भरून निघून गेले. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी कित्येक मारले गेले, घरे जळाली. १९९१ च्या जनगणनेत क्रोएशियात सर्ब १२ टक्के होते, २०२१ मध्ये ३ टक्के उरले. क्रायिनाचे एक पुढारी मिलान बाबिच, पेशाने दातांचे डॉक्टर. २००४ साली हेगच्या न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि पश्चात्ताप व्यक्त केला. तोवर क्रोएट शेजाऱ्यांची घरे गेली होती आणि ज्यांच्यासाठी हे केले त्यांचीही.

नाव एकच, कूळ एकच. एका ठिकाणी लोकांनी मतपेटीतून त्याचा देश केला. दुसऱ्या ठिकाणी ते नाव शेजाऱ्याच्या दारावर खूण करायला वापरले, आणि नावही गेले, माणसेही गेली.

१ नोव्हेंबर १९५६ पासून आपण स्वतःला सीमावासी म्हणवतो. आपली मागणी काय आहे हे मी या सभागृहात सांगायला नको. ती सनदशीर आहे आणि सनदशीरच राहिली पाहिजे. मला एवढेच म्हणायचे आहे की 'सीमाभाग' हा शब्द मुंबई आणि बंगळूरच्या नकाशावरून बघणाऱ्यांचा आहे. आपल्यासाठी हे आपले गाव आहे. आणि भिंतीपलीकडे राहणारा कन्नड शेजारीही याच गावात, याच कडेवर राहतो. बँकेत दोघे एकाच रांगेत उभे असतात, हे मी रोज बघतो. हक्काची भाषा बोलताना त्या रांगेचा विसर पडू देऊ नये.

त्या वडिलांच्या कर्जाला मुदत मिळाली. परवा ते आले तेव्हा मी त्यांना उत्तर दिले : "हो, वेगळा देश आहे. नावाचा अर्थ काहीही असो."