पुडीच्या कागदावरचं वाचन



गटाच्या बैठकीत आम्ही कधी विचारलं, "काय गं, या महिन्यात काही वाचलं का?" तर उत्तर ठरलेलं असतं, "वाचायला वेळ कुठाय, ताई?" हे उत्तर काही खोटं नाही. पहाटेचं पाणी, भाकरी, पोरांची शाळा, दिवसभर खुरपणी आणि परत आल्यावर पुन्हा चूल. म्हणून आज आम्ही अशा एका बाईविषयी बोलणार आहोत, जिच्याजवळ आपल्यापेक्षाही कमी वेळ होता. त्या म्हणजे फलटणच्या लेखिका बेबीताई कांबळे.

बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा, आजोळी झालेला. शाळा चौथीपर्यंत. तेराव्या वर्षी लग्न. दहा बाळंतपणं झाली, त्यातली सात मुलं जगली. नवऱ्याला काम नव्हतं, तेव्हा आपणच काहीतरी विकायला सुरुवात करू, असं बेबीताईंनी सुचवलं. आधी द्राक्षं विकली, मग भाजीपाला, आणि पुढे तेल-मिठाचं छोटं किराणा दुकान झालं. आपल्या गटातल्या कितीतरी बायांची गोष्ट अशीच आहे ना?

आता या दुकानात वाचन कुठून आलं? तेव्हा माल रद्दीच्या कागदात बांधून देत. बेबीताई दुकानात बसल्या बसल्या तो पुडीचा कागद वाचायच्या. आवडलेला तुकडा बाजूला ठेवायच्या. वाचनाची गोडी लागली तशी वाचनालयातली पुस्तकंही त्या वाचू लागल्या. वेगळा वेळ त्यांना कोणी काढून दिला नव्हता. दोन गिऱ्हाइकांच्या मधला जो वेळ मिळाला, तोच त्यांचा.

वाचता वाचता त्या लिहूही लागल्या. आपल्या महार समाजाचं जिणं, बायांची उपासमार, सासुरवास, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनं आलेली जाग, हे सगळं त्यांनी लिहिलं. नवरा माल आणायला बाहेर गेला की वही काढायची आणि तो यायच्या आत लपवायची. असं त्यांनी जवळजवळ वीस वर्षं केलं. नवऱ्याच्या संशयापायी आपण मार खाल्ल्याचंही त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. वाचणारी बाई हाताबाहेर जाईल, अशी भीती त्या काळी घराघरात होती.

शेवटी ते लिखाण बाहेर आलं. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः छापलं गेलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावानं पुस्तक झालं. २००८ साली माया पंडित यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. आज विद्यापीठांतली मुलं ते अभ्यासाला घेतात. पुढे बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे इथं वंचित मुलांसाठी आश्रमशाळाही चालवली. २०१२ साली त्या गेल्या.

मैत्रिणींनो, आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, वाचायला वेळ मिळत नाही, तो मधूनमधून उचलावा लागतो. दूध तापेपर्यंत, एसटी येईपर्यंत, गिरणीत आपला नंबर लागेपर्यंत. पोराच्या पाचवीच्या पुस्तकातला धडासुद्धा चालतो.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. बेबीताईंना वही लपवावी लागली. आजही आपल्यातली एखादी पुस्तक उघडून बसली की कोणीतरी म्हणतंच, "वाचून काय कलेक्टर होणार का?" मग ती पुस्तक बाजूला ठेवते आणि निवडायला तांदूळ घेते. घरात पुरुष पेपर वाचत बसला तर त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. बाईला मात्र लगेच म्हणतात. आणि म्हणणाऱ्यांत सासूही असते, जाऊही असते, हे आपण आपल्यातच बोललं पाहिजे.

आमच्या गटात आम्ही एक पद्धत ठेवली आहे. बचत गोळा झाली, हप्ते झाले, की दहा मिनिटं एकीनं मोठ्यानं वाचायचं. ज्यांना अक्षर येत नाही त्या ऐकतात, आणि प्रश्न सगळ्यात जास्त त्याच विचारतात. कधी पुस्तकातलं पान असतं, कधी विम्याचा किंवा कर्जाचा कागद. सही किंवा अंगठा करायच्या आधी कागद वाचून दाखवायचा, हा आमचा नियम आहे. व्याज किती, हप्ता चुकला तर काय, हे सगळ्यांच्या कानावर पडतं. एकीला वाचायची सवय असली की दहा जणींचा पैसा सांभाळला जातो.

पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि कितीतरी गावांत शासनमान्य वाचनालयं आहेत. आपल्या किंवा शेजारच्या गावात चौकशी करा. एकीच्या नावावर पुस्तक आणा आणि आळीपाळीनं वाचा. सुरुवात 'जिणं आमुचं'नं केली तर फारच चांगलं.

आणि एक काम घरात करायचं. देवाची, डब्यांची, पोरांच्या दप्तराची जागा ठरलेली असते, तशी आपल्या पुस्तकाची आणि वहीची एक जागा ठरवा. सगळ्यांना दिसेल अशी. सुनेनं तिथलं पुस्तक उचललं तर सासूबाईंनी विचारावं, "काय लिहिलंय गं त्यात? मलाही वाचून दाखव."

पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पैशाबरोबर वाचायला एक कागद घेऊन या. पुडीचा असला तरी चालेल.