स्वागताध्यक्षीय भाषण : नारू आणि पायऱ्यांची विहीर



परोपजीवी जीव व त्यांचे आश्रयदाते यांच्या संबंधांचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. मी या शास्त्राचा पंडित नव्हे. परंतु ज्या मुलखात आपण आला आहात, त्याने नारू नामक जंताचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे, आणि तेवढ्या अधिकारावर चार शब्द बोलण्याची मुभा घेतो.

विहिरीच्या पायऱ्या उतरून, पाण्यात उभे राहून घागर भरावी, हा इकडचा जुना परिपाठ. त्या पाण्यातल्या सायक्लोप्स नामक सूक्ष्म जीवांच्या पोटी दडलेले नारूचे डिंभ घोटाबरोबर माणसाच्या देहात शिरत. सुमारे वर्षभराने दीड-दोन हात लांबीची मादी बहुधा पायाच्या फोडातून डोके बाहेर काढी. आणि त्या फोडाची आग शमविण्यासाठी कासावीस झालेला रोगी पाय पाण्यात बुडवी, तोच ती असंख्य डिंभ त्या पाण्यात सोडून मोकळी होई. आश्रयदात्याच्या वेदनेलाच आपले वाहन करणारी ही योजना कोणी बुद्धी चालवून रचलेली नाही. ती नैसर्गिक निवडीची करणी आहे.

१८७० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनी मध्य आशियात सायक्लोप्सचा हा सहभाग उघडकीस आणला. नारूवर ना लस होती, ना खात्रीचे औषध. एकदा होऊन गेला तरी माणसाच्या अंगी प्रतिकारशक्ती येत नसे. जे रक्ताला साधले नाही ते रीतीने साधले: पायऱ्या बंद झाल्या, रहाट व हातपंप आले, पाणी फडक्याने गाळले जाऊ लागले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

मात्र आफ्रिकेतील चाड देशात २०१२ पासून हाच जंत कुत्र्यांतही आढळू लागला आहे. एक दार बंद होताच दुसरे धुंडाळणाऱ्या या जीवांचा बंदोबस्त एकट्या वैद्याच्या आवाक्यातला नव्हे. म्हणूनच वैद्य, पशुवैद्य, प्राणिशास्त्रज्ञ आणि पाणीपुरवठ्याचे अभियंते या मंडपात एकत्र बसलेले पाहून आम्हांस विशेष समाधान वाटते.

आमच्या व्यवस्थेतील उणिवा आपण उदार मनाने पोटात घालाल, अशी खात्री बाळगून, परिषदेची सूत्रे स्वीकारण्याची मी अध्यक्षमहाराजांना विनंती करतो.