कवेलूंच्या छपराखालचा वारसा
(स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

१९७९ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'आपल्या जिल्ह्यातली पाहण्यासारखी ठिकाणं'. नोकरीनिमित्त सारा जन्म बाहेर काढला. आता निवृत्तीनंतर गावी परतलोय आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना जिल्हा दाखवत फिरतो, एवढीच माझी पात्रता.

आपण शाळेत होतो तेव्हा गीताई मंदिर नव्हतं, ते १९८० सालचं. विश्वशांती स्तूप तर १९९३ चा. पण पवनारला विनोबा स्वतः राहत होते. मी सेलूकडून एस.टी.नं यायचो. रोज दोनदा धाम नदीच्या पुलावरून जायचो आणि एकदाही उतरलो नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी राम-भरताच्या भेटीचं चित्र मनाशी रंगवलं होतं. पुढे पवनारला जमीन खोदताना त्याच भेटीचं जुनं शिल्प निघालं. १९६७ साली नागपूर विद्यापीठानं तिथे उत्खनन केलं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं महामहोपाध्याय मिराशींचं मत होतं. ते खरं धरलं, तर माझी एस.टी. रोज एका राजधानीतून जात होती आणि मी खिडकीत बसून सनावळ्या पाठ करत होतो!

केळझरचा गणपती, बोरचे वाघ, गिरडच्या टेकडीवरचे ते सुपारीसारखे गोल दगड, हे सगळं दहा मिनिटांत मावायचं नाही. मला बोलायचंय सेवाग्रामबद्दल. खरं सांगायचं तर कवेलूंबद्दल.

आठवीत शाळेनं आपल्याला सेवाग्रामला नेलं होतं. आठ किलोमीटर पायी, आठवतंय? बापू कुटीत सगळे गप्प उभे होते आणि मागच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "सर, हे तर खेड्यातल्या घरासारखंच आहे, यात काय पाहायचं?" सगळे हसले. तो आज समोरच बसलाय, नाव सांगत नाही. मीही हसलो होतो. कारण आमचं घर अगदी तसंच होतं. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. आणि माझे बाबा मृग लागायच्या आत गावोगावी लोकांची घरं शाकारायला जायचे. दहावीपर्यंत मी तुमच्यापैकी एकालाही घरी बोलावलं नाही. 'गाव लांब आहे' म्हणायचो. तेवढं काही लांब नव्हतं.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे राहायला आले. तेव्हा ते शेगाव होतं. पत्रं आपल्या गजानन महाराजांच्या शेगावला जायची, म्हणून १९४० साली नाव सेवाग्राम झालं. झोपडीला शंभर रुपयांवर खर्च करायचा नाही, सामान आणि कारागीर आसपासचे, अशी त्यांची अट होती. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची. भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा तिच्याच हातचा. या वस्तीत देशाचं राजकारण चाललं, व्हाइसरॉयशी बोलायला फोन बसला, आणि छप्पर मात्र आमच्या घरासारखं.

दौलताबादचा किल्ला शंभर वर्षं कुणी पाहिला नाही तरी उभा राहतो. मातीच्या घराला दोन-तीन पावसाळे विसरा, संपलं. वानरं कवेलू फोडतात, एक फुटलं की खालचा बांबू कुजतो, मग भिंत पाणी पिते. दरवर्षी उन्हाळ्यात कवेलू उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, पुन्हा ओळीनं लावायची. वर पाय कुठे ठेवायचा हेसुद्धा शिकावं लागतं. तिकीटघर, वाहनतळ, माहितीचे फलक कंत्राट देऊन होतात. कवेलू लावणारा माणूस कंत्राटातून तयार होत नाही. आणि देशी कवेलू घडवणारे कुंभार आमच्या भागात मला आता सापडत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी पुण्याकडची एक वास्तुकलेची विद्यार्थिनी माझ्याबरोबर आली होती. बाकी सगळे चरखा पाहत होते. ती वर बघत उभी. म्हणाली, "काका, हे छप्पर कोण नीट करतं?" मी अर्धा तास बोललो. शेवटी तिनं विचारलं, "तुम्हाला एवढं कसं माहीत?" तेव्हा पहिल्यांदा परक्या माणसापुढे म्हणालो, माझे बाबा हेच करायचे.

१९९१ साली पगाराच्या जोरावर मी ते घर पाडून स्लॅब टाकला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कवेलू एकेक करून उतरवली आणि मागच्या गोठ्यावर चढवली. गोठ्यात आता गुरं नाहीत. बाबाही नाहीत. दर मे महिन्यात मी नातवाला घेऊन वर चढतो. आमची शाकारणी फार चांगली नसते, गेल्या पावसात दोन ठिकाणी गळलं.

उद्या सकाळी साडेसातला शाळेच्या फाटकापासून बस निघेल. आधी सेवाग्राम, मग पवनार. पवनारहून गाडी तशीच सेलूच्या रस्त्यानं पुढे न्यायला मी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. जेवण आमच्याकडे, गोठ्यात. झुणका-भाकर आहे, आणि मागच्या बाकावरच्या त्या मित्रासाठी पाटसुद्धा राखून ठेवलाय.